नांग्यांतलं सोयाबीन

आबा, तुम्ही काहीही म्हणा, घरचं बी तुम्ही निवडून ठेवायला पाहिजे होतं. सगळी हयात दुसऱ्याच्या रानात भेसळ काढण्यात घालवलीत, आणि आपल्या गाडग्यात मात्र उंच, मधलं, बुटकं सगळं एकत्र ओतून ठेवलंत. आता ते निस्तरायला मी इथं तमिळनाडूत, सेलममध्ये डोकं धरून बसलोय आणि तुमचा धाकटा तिथं बांधावर फोन धरून उभा आहे. तुम्हाला काय, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुमची सवय तशी जुनीच. मी तोंड उघडलं की तुम्ही सायकलला टांग मारायचा आणि बियाण्याच्या फार्मवर कामाला निघून जायचा. ह्या वेळी जरा जास्तच लांब गेलात.

काय झालंय ते सांगतो. विहिरीकडच्या रानात धाकट्यानं या साली सोयाबीनच्या बियाण्याचा प्लॉट घेतलाय. तुम्हाला हे सांगायला नको, पण सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. प्लॉटमधलं सोयाबीन बाजारात जात नाही, बियाणं म्हणून जातं. भाव चांगला, पण रानात झाड न् झाड एकाच जातीचं पाहिजे. तपासणीचे साहेब फुलावर असताना येऊन बघणार आणि भेसळ दिसली की प्लॉट नापास. जात बुटकी आहे, गुडघ्याच्या जरा वर जाते आणि थांबते. धाकटा चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून ह्याच प्लॉटच्या भरवशावर घरी आलाय. आईला म्हणाला, प्लॉट पास झाला की पुढच्या साली अजून दोन शेतकरी जोडून घेतो, मग मी कुठं जात न्हाई. आणि नापास झाला तर परत चाकण. आई परत एकटी, त्या घरात, त्या विहिरीपाशी. मी तर काय, असून नसल्यागत.

तर पेरणी झाली आणि वरनं पाऊस असा झोडपला की उगवण फाटकी झाली. ओळीत जागोजागी नांग्या पडल्या, बी न उगवलेल्या मोकळ्या जागा. धाकटा त्याच जातीची पिशवी आणायला इस्लामपूरला गेला. तिथं मिळाली नाही म्हणून पुढं कराडला गेला. तो माघारी येईपर्यंत आईनं माळ्यावरचं तुमचं गाडगं खाली काढलं, राख झटकली आणि सगळ्या नांग्या भरून घेतल्या. आबा, तिला मी काय बोलू? ज्वारीत, भुईमुगात जन्मभर तिनं हेच केलंय. ओळीत मोकळी जागा दिसली की घरातलं बी टोकायचं. मोकळी जागा तिला बघवत नाही. तुमच्या मागं दर साली तुमचं बी बांधाकडेच्या वाफ्यात पेरून तीच नवं करत आली, नाहीतर सोयाबीनचं बी एवढी वर्षं कुठलं टिकतंय. पण या साली वाफा घातलाच नाही, कारण दाणा न् दाणा नांग्यांत गेला. म्हणजे आता तुमचं बी जगात कुठं असेल तर त्या प्लॉटमध्येच. आणि साहेब तीन दिवसांनी येणार आहेत.

काल धाकट्यानं व्हिडिओ कॉल लावला. "दादा, बघ गड्या," म्हणाला, "गर्दीत हवालदार हुबं ऱ्हावं तशी दिसत्यात." खरंच तशी दिसत होती. खाली सगळं प्लॉटचं बुटकं सोयाबीन जांभळ्या फुलांचं, शेंड्यावर गुच्छ येऊन वाढ थांबलेलं, आणि मध्ये मध्ये तुमची पांढऱ्या फुलांची झाडं, कमरेच्या वर, फुलं लागली तरी शेंडा अजून चढतोच आहे. मी म्हटलं, "उद्या बायका लाव आणि उपट." तेवढ्यात फोन हलला आणि आईचं तोंड दिसलं. विळा हातात तसाच होता.

"उपटायचं न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं बी हाय."

"आई, चार दिसांत साहेब येणार हायत. प्लॉट जाईल."

"जाऊ दे की. सोयाबीन न्हवं व्हय ते? बाजारात इकूया."

मागनं धाकटा बोलला, "बगा आता. मी तर घरी येऊन फसलोच." मग फोन बंद झाला. तो बंद केला की पडला ते कळलं नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तुमचा आवाज आहे, आबा. "ऊन पाठीशी ठेव." नववीत नापास होऊन मी शाळा सोडली त्या साली तुम्ही मला एका हंगामापुरतं तुमच्याबरोबर फार्मवर नेलंत, कृष्णाकाठच्या त्या काळ्या रानात. पायाभूत बियाण्याच्या प्लॉटात भेसळ काढायला तुमच्याइतका माणूस नव्हता असं सगळे म्हणायचे आणि ते खरंच होतं, मला ते कबूल करायला आवडत नाही एवढंच. पाठीला ऊन घ्यायचं, जरा वाकून पिकाच्या शेंड्यांच्या रेघेत डोळा लावायचा आणि रेघेच्या वर जे डोकं दिसेल त्याच्या बुडाला हात घालायचा. "तोंडावर ऊन घेतलंस तर सगळी सारखीच दिसत्यात," तुम्ही म्हणायचा. वर आलेलं झाड तुम्ही एका झटक्यात मुळासकट काढायचा आणि न बघता पाठीमागं बांधावर टाकायचा. मी तुमच्या मागं चालत होतो. ती उपटलेली झाडं माझ्याच पायात यायची. तुम्ही स्वतः गावात सगळ्यांत उंच. आणि दिवसभर काम काय, तर वर आलेलं डोकं दिसलं की खाली घ्यायचं. मला तेव्हा हसू यायचं. दाखवायची सोय नव्हती.

कारण घरी तुमचं उलटं चालायचं. घरी दर सणाला मला दाराच्या चौकटीला उभं करायचा आणि डोक्यावर हात आडवा धरून कोळशानं रेघ मारायचा. आजा सैन्यात, थोरले चुलते सैन्यात. तुम्हाला तळवे सपाट म्हणून माघारी पाठवलं, ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही, चुलत्यांनीच सांगितलं. त्याची भरपाई माझ्याकडनं करून घ्यायची होती. पण रेघ काही चढत नव्हती. तुम्ही मला पिंपळाच्या फांदीला लोंबकळायला लावलंत, दूध प्यायला लावलंत, बाकी कशातच कमी केलं नाही. आणि रेघ तिथंच.

त्या हंगामात फार्मवरच्या, नव्या जाती काढणाऱ्या मॅडम उंच आणि बुटक्या जातीचा संकर बघायला आल्या होत्या, तो दिवस तुमच्या लक्षात असेल. नसला तरी माझ्या आहे. बायका बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या, आपण दोघं पाण्याच्या टाकीपाशी होतो. तुम्ही मॅडमना विचारलंत, "मॅडम, एक इचारू? बी उंच असताना आसं आखूड कसं निघतंय?" आणि हात सोयाबीनकडं न दाखवता माझ्याकडं दाखवलात. बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आवं, बी उंच असंल, पर रान माणचं हाय न्हवं." आईचं माहेर माणचं, तिकडं पाऊस नाही, म्हणून. सगळ्या परत हसल्या, तुम्हीपण हसलात. मी टाकीचा नळ धुवत बसलो.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या वऱ्हाडातल्या असाव्यात, बोलणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "काका, रानाचं नाही ते. झाडाला अर्धं एकाकडून मिळतं, अर्धं दुसऱ्याकडून." मग त्यांनी आपल्याला त्या संकराच्या ओळींकडं नेलं. उंच आणि बुटक्याचं लग्न लावलं की पहिली पिढी एकसारखी येते, त्या म्हणाल्या, बघून वाटतं की झालं, जमलं. दुसऱ्या पिढीत सगळं बाहेर येतं. आणि आलंच होतं. एकाच आईबापाची झाडं, एक छातीएवढं, एक नडगीएवढं आणि मध्ये जिना लावावा तशी सगळ्या पायऱ्यांची. त्या म्हणाल्या, उंची एकाच गुणावर नसते. पुष्कळ लहान लहान गुण असतात, प्रत्येक जण बोटभर वाढवतो नाहीतर बोटभर कमी करतो. आणि त्यात एखादा मोठा असतो, तो ठरवतो की फूल आलं की शेंडा थांबणार का पुढं जाणार. उंच दिसणाऱ्या झाडाच्या आत बुटकेपणा लपून बसलेला असतो, तो त्याच्या पोरांत दिसतो. त्यात पेरायला उशीर झाला तर उंच जातपण आखूडच राहते. "म्हणून एका साली बघून कुणाला नाव ठेवायचं नाही," असं त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "शिवाय बुटकं वाईट असं कुणी सांगितलं तुम्हाला? उंच झाड वाऱ्यात लोळतं. अगदी बुटक्याच्या शेंगा चिखलात जातात, विळ्याखाली राहतात. आम्ही त्या दोघांच्या मधलं, उभं राहणारं शोधतोय."

तुम्ही मान हलवलीत. "मग उंच पक्कं करायचं आसंल तर?" तुम्ही विचारलंत. एवढं ऐकूनपण उंचच. त्या म्हणाल्या, एका झाडाचं बी एका पाकिटात ठेवायचं, दुसऱ्यात मिसळायचं नाही. पुढच्या साली त्या एका पाकिटाची एक ओळ लावायची. ओळ एकसारखी आली तर ठेवायची, फाटली तर त्यातलं चांगलं एक झाड निवडून परत तसंच. चार-सहा वर्षं जातात. काढणीच्या वेळी टाकून द्यायच्या ढिगातलं एक झाड तुम्ही मॅडमना विचारून सायकलला बांधलंत. पांढऱ्या फुलाचं, सगळ्यांत उंच. मला वाटलं शेळीला चाललंय.

पुढचं मी तुम्हाला कशाला सांगू. पण सांगतोच, कारण त्या दिवसाचं तुम्ही तुमच्या बाजूनं सांगितलंत, मी माझ्या बाजूनं कधी सांगितलं नाही. साताऱ्याच्या मैदानावर सैन्याची भरती होती. आदल्या रात्री आपण एसटी स्टँडवरच पडलो. पळण्यात मी पहिल्या घोळक्यात आलो, ते तुम्ही जाळीच्या पलीकडनं बघितलंत, टोपी काढून हलवलीत. मग उंचीचा खांब. मी पाठ लावली, मान ताणली, टाचा कधी उचलल्या मला कळलं नाही. जवानानं पोटरीवर छडी टेकवली, "एडी नीचे." टाचा खाली आल्या. डोक्यावरची फळी खाली आली. दोन बोटं कमी. तो रागावला नाही, काही नाही, "चलो, बाहर," एवढंच म्हणाला आणि पुढच्याचा हात धरला.

बाहेर तुम्ही चहाच्या गाड्यापाशी होता. आपल्या वाळव्याकडचे कुणीतरी भेटले होते तुम्हाला, त्यांचापण पोरगा आत होता. त्यांनी विचारलं, "काय झालं वो तुमच्याचं?" तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि म्हणालात, "काय न्हाई. भेसळ निघाली."

मी तिथंच होतो, आबा. तुमच्या हातभर अंतरावर.

त्यानंतर महिनाभरात खानापूरकडच्या माणसाबरोबर मी गलाईच्या दुकानात निघून आलो. आता इथं सोनारांची मोडलेली चांदी येते, पैंजणं, वाट्या, दुकानातली झाडलेली धूळ. मुशीत वितळवायची, तेजाबात घालायची, तांबं वेगळं करायचं, चांदी वेगळी. दिवसभर भेसळच काढतो, तुमच्यासारखा. फरक एवढाच की चांदीतली भेसळ एकदा काढली की निघाली. ती तिच्या पोरांत परत दिसत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी मुशीपुढंच होतो. दोन गाड्या बदलून पोचलो तोवर सावडायचा दिवस आला होता. राख हातात घेतली आणि मला बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

आज मालक लग्नाला गेलाय, दुकान बंद आहे. दुपारी मी धाकट्याला परत फोन लावला. म्हटलं, "पांढरं फूल बघत जा. उंचीकडं बघू नको." तो फोन शर्टाच्या खिशात ठेवून ओळीनं चालायला लागला. मला नुसता पानांचा आवाज आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. मग थांबला.

"दादा, पांढऱ्या फुलाची बुटकी बी हायत."

"किती?"

"लय हायत. जवळ गेल्याबिगर कळंना झालंय. उंच आसंल तेवढंच उपटलं असतं तर ही आत ऱ्हायली असती की रं."

मला राग आला. धाकट्याचा नाही, तुमचा. मॅडमनी एवढं सांगितलं होतं, एक झाड एक पाकीट. चार-सहा वर्षं तर तुमच्याकडं सहज होती. निवडलं असतंत तर आज सगळी एका उंचीची आली असती, एका दमात दिसली असती, एका सकाळीत निघाली असती. मी म्हटलं, आईला दे फोन. आईला म्हटलं, "आबांनी हे बी निवडलं कसं न्हाई कधी?"

"निवडायचा न्हाईच त्यो," आई म्हणाली. "पहिल्या सालीच वाफ्यात खालवर आलं. मी म्हटलं, आवं, तिकडं मजुरी घेऊन उपटताय, हितलं ते आखूड काढा की. तर म्हणायचा, ऱ्हाऊ दे. हितं कोण येतंय पास-नापास करायला. सगळ्याचं बी एका गाडग्यात."

मी फोन कानावरनं काढून मांडीवर ठेवला. तिला वाटलं फोन कट झाला, ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

आता ह्याचं मी काय करू, आबा? तुम्ही हे मुद्दाम केलंत की कंटाळा केलात? फार्मवर दिवसभर वाकून घरी आल्यावर परत वाकायचं जिवावर येत असेल. तसंही असेल. त्या वाफ्याकडं मी तेव्हा कधी बघितलंच नव्हतं, आणि पहिलं साल म्हणजे आपण साताऱ्याहून परत आलो त्याच्या आधीचं की नंतरचं, ते मी आईला विचारलं नाही. विचारायची भीती वाटली म्हणा. आणि आधीचं असो की नंतरचं असो, एवढ्यावर आपलं मिटलं असं समजू नका. वाफ्यातल्या झाडाला तुम्ही राहू दे म्हणालात, ते आईला म्हणालात. मला जे म्हणालात ते चार माणसांत म्हणालात.

आईला मी शेवटी सांगितलं की सगळी काढायची, उंच आणि बुटकी दोन्ही. ती म्हणाली, "तू त्याच्यावरचा राग काढतोयस."

"आई, तसं न्हाई."

"मग कसं हाय?"

मी म्हटलं, "धाकटा घरी ऱ्हायला पाहिजे तुझ्याजवळ. तेवढंच हाय." हे खरं होतं. दुसरंपण खरं असेल, पण हे खरं होतं.

ती म्हणाली, "काढा. मी हात लावणार न्हाई. आन् मला बघायचं बी न्हाई. मी माणला जाऊन येती दोन दिस, भावाकडं." आणि थोड्या वेळानं धाकट्यानं सांगितलं की तिनं खरंच पिशवी भरली, आणि जाताना विळा प्लॉटच्या कडेला ठेवून गेली.

धाकट्याला सगळं समजावून सांगितलं. सकाळी फुलं उघडल्यावरच शिरायचं, प्रत्येक बाईनं दोन ओळी धरायच्या, उपटलेलं रानात ठेवायचं नाही. आणि चार-पाच उंच झाडं कुदळीनं गड्ड्यासकट उचलून घरामागं मोरीच्या पाण्याला लाव म्हटलं, आईसाठी. फुलावरचं सोयाबीन उचलून लावलं तर बहुतेक मरतं, मला माहीत आहे, त्यालापण माहीत आहे. तो "बरं" म्हणाला. फोन ठेवला. मग अर्ध्या तासानं मीच परत लावला आणि म्हटलं, त्यात दोन बुटकी पण लाव. तो म्हणाला, "ती कशाला रं, दादा?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. दुकान बंद असताना.

कशाला ते तुम्हालाही सांगणार नाही, कारण मला नीट माहीत नाही. हा कागद कुठं जायचा नाही, इथंच राहील. जातील ते पैसे. दोन दिवसांच्या चार बायकांच्या मजुरीचे दोन हजार चारशे धाकट्याला पाठवतोय.